गोड्या पाण्यात खाऱ्याची तयारी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. पातळ पडद्यातून पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाते, हा त्याचा स्वभावच. आता पाहा, समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सॅमन नावाच्या माशाच्या रक्तात क्षाराचे प्रमाण त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. हा मासा नदीत जन्मतो आणि पुढे समुद्रात जातो. मग त्याची गत कैरीच्या फोडीसारखी का होत नाही? या कोड्याची उकल व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. तीच हकिकत आज ऐकू या.

आपल्याकडच्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात खरे, पण रावस निराळा. अटलांटिक सॅमन स्कॉटलंड, नॉर्वे, उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग इकडच्या थंड नद्यांतला. स्कॉटलंडच्या नद्यांत बोटभर लांबीचा, अंगावर काळसर पट्टे असलेला एक मासा सापडे. त्याला 'पार' म्हणत. ही वेगळीच जात आहे, असे भल्याभल्यांचे मत होते. ड्रमलानरिग येथील जहागिरीत जॉन शॉ हा शिकारीच्या रानाचा राखणदार होता. १८३० नंतरच्या दशकात त्याने हे मासे तळ्यांत पाळले आणि सॅमनची अंडी उबवून पिल्लेही वाढवली. दोन वर्षांच्या सुमारास पट्टे लोपले आणि अंग चांदीसारखे झळकू लागले. पार म्हणजे सॅमनचेच पोर, हे ठरले. १८४० साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापला. पण रंग पालटला तेव्हा आत काय पालटले, हे कुणालाच माहीत नव्हते.

पुढची पायरी गाठायला नव्वद वर्षे गेली. १९३० साली अमेरिकेतील होमर स्मिथ यांनी दाखवले, की समुद्रातले हाडाळ मासे पाणी पितात! अंगातून गेलेल्या पाण्याची भरपाई ते अशी करतात. पण त्याबरोबर मीठही पोटात जाते. त्याचा बराच भाग मूत्रावाटे नव्हे, तर कल्ल्यांवाटे बाहेर पडत असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. लगोलग अॅन्सेल कीज यांनी कोपनहेगनला ऑगस्ट क्रोघ यांच्या प्रयोगशाळेत वाम माशाचे हृदय व कल्ले वेगळे काढून प्रयोग केले आणि कल्ले क्षार बाहेर टाकतात हे मोजून दाखवले. १९३२ साली कीज आणि विल्मर यांनी कल्ल्यांतल्या काही ठसठशीत पेशींकडे बोट दाखवले. हेच काम त्या करतात का, हा वाद मात्र पन्नास वर्षे चालला. १९८२ साली फॉस्केट आणि शेफी यांनी टिलापिया माशाच्या कल्ल्यांवरील झाकणाच्या आतल्या कातडीवर प्रयोग करून तो मिटवला. आपल्या उजनीकाठी जिला चिलापी म्हणतात, तिच्याच गोतातला हा मासा.

मीठ कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे ढकलायचे, म्हणजे विहिरीतून मोटेने पाणी वर ओढण्यासारखेच. मोटेला बैल लागतात, इथे अन्नातली शक्ती खर्च होते. ही पेशीतली मोट १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांना खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडली. त्याबद्दल १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कल्ल्यांच्या त्या पेशी अशा मोटांनी खच्चून भरलेल्या असतात.

आता खरी गंमत ऐका. नदीत असताना कल्ल्यांचे काम उलटे असते: पाण्यातले थोडेसे मीठ आत ओढायचे. पण वसंतात दिवस मोठा होऊ लागला की पिल्लाच्या रक्तात वाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल वाढतात आणि कल्ल्यांत समुद्री कामाच्या पेशी तयार होऊ लागतात. या दोन कामांच्या मोटाही थोड्या निरनिराळ्या असतात, हे २००९ साली स्टीफन मॅककॉर्मिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिक सॅमनमध्ये दाखवले. म्हणजे समुद्र दिसण्याआधीच, गोड्या पाण्यात राहून, खाऱ्याची तयारी होते.

मात्र ही तयारी कायमची नसते. मासा वेळेत समुद्राला पोचला नाही आणि पाणी तापले, तर ती ओसरते. अमेरिकेतील कनेक्टिकट नदीत उशिरा निघालेल्या पिल्लांत नेमके हेच आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. याच नदीवर टर्नर्स फॉल्स येथे १७९८ साली धरण झाले आणि काही वर्षांतच तिथला सॅमन नाहीसा झाला. त्याला परत आणण्याची खटपट १९६७ साली सुरू झाली. लाखो पिल्ले सोडली, धरणांवर माशांसाठी पायऱ्या बांधल्या. तरी परतणारे मासे फारच थोडे. समुद्रातही बरेच दगावत. अखेर २०१२ साली केंद्र सरकारच्या खात्याने त्यातून अंग काढून घेतले. अपयशाची कारणे अनेक, पण एक गोष्ट या कल्ल्यांनी शिकवली: नदीत वाट ठेवली एवढ्याने भागत नाही, ती वाट वेळेवर संपावीही लागते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एवढे करावे. बटाट्याच्या दोन चकत्या घ्याव्यात, एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवावी. एक ताठ राहील, दुसरी लुळी पडेल. ती लुळी चकती मुलांच्या हाती देऊन मग सॅमनची गोष्ट सांगावी.