जुन्या हाय-फाय स्पीकरचा जीर्णोद्धार : दुरुस्ती, फेरबदल की पर्याय? – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी संगीत पोहोचविण्याचे कार्य ज्या साधनांनी केले, त्यांत स्पीकर म्हणजेच ध्वनिक्षेपक हे सर्वांत दुर्लक्षित साधन होय. ध्वनिमुद्रिकांचे संग्रह आहेत, ध्वनिफिती सांभाळणारी अभिलेखागारे आहेत. परंतु ज्या यंत्रातून त्या ऐकल्या गेल्या आणि ज्याच्या साक्षीने मुद्रण करणाऱ्या अभियंत्यांनी आवाजाचा तोल ठरविला, त्या यंत्राच्या जतनाचा विचार क्वचितच केला जातो. इ. स. १९५० ते १९८० या कालखंडातील उच्च दर्जाच्या, म्हणजेच 'हाय-फाय' स्पीकरांचे फोम आता झडू लागले आहेत, कपॅसिटरची मूल्ये बदलली आहेत आणि मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. अशा वेळी मालकापुढे तीन मार्ग उरतात : आहे तसे दुरुस्त करणे, काही फेरबदल करणे किंवा बिघडलेल्या भागाच्या अथवा संपूर्ण स्पीकरच्या जागी दुसरा आणणे.

मराठीतील 'जीर्णोद्धार' हा शब्द या तिन्ही क्रियांना सामावून घेतो. भिंतीची डागडुजी हाही जीर्णोद्धार आणि जुने देऊळ उतरवून त्याच जागी नवे बांधणे हाही जीर्णोद्धारच. शब्दाची ही व्यापकता व्यवहारात सोयीची असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती घातक ठरू शकते. कारण उद्धार नेमका कशाचा झाला, वस्तूचा की केवळ तिच्या नावाचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात तीन प्रसिद्ध स्पीकरांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जुन्या स्पीकरची ओळख त्याच्या कोणत्या घटकात सामावलेली असते, हे तपासणे.
२) दुरुस्ती, फेरबदल व पर्याय यांपैकी कोणता मार्ग केव्हा योग्य ठरतो, याचे निकष शोधणे.
३) चुकीच्या निर्णयामुळे होणाऱ्या ऐतिहासिक हानीकडे लक्ष वेधणे.

बंद पेटीतील हवा : एआर-३ आणि एआर-३ए

इ. स. १९५४ मध्ये एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी खर्जातील स्वर समाधानकारक ऐकू यावयाचे, तर कपाटाएवढी पेटी लागत असे. विल्चर यांनी वूफरच्या शंकूचा लवचीक आधार मुद्दाम अत्यंत सैल ठेवला आणि हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेकडेच स्प्रिंगचे काम सोपविले. कापड वा कागदाच्या आधारापेक्षा हवेची स्प्रिंग अधिक एकसारखी वागते. त्यामुळे लहान पेटीतूनही खोल आणि स्वच्छ खर्ज मिळू लागला. या कल्पनेस १९५६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. १९५८ चा एआर-३ व १९६७ चा एआर-३ए हे या परंपरेतील सर्वाधिक नावाजलेले स्पीकर होत. एआर-३ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

आरंभीच्या वूफरांची कडा कापडाची असून तिच्यावर हवा रोखणारा चिकट लेप असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या जागी पॉलियुरेथेन फोमची कडा आली. या फोमचे हवेतील आर्द्रतेमुळे रासायनिक विघटन होते. साधारणतः दहा ते वीस वर्षांत तो चिकट होतो, मग त्याचा भुगा होतो. कोकणपट्टीसारख्या उष्ण व दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. कडा झडलेला स्पीकर घरघरू लागतो आणि अनेकदा तो 'फाटला' असे समजून टाकून दिला जातो. वास्तविक त्याचे कॉइल, चुंबक व शंकू पूर्णतः निर्दोष असू शकतात. नवी कडा चिकटविणे हे काम कौशल्याचे असले, तरी खर्चिक नाही.

येथे विल्चर यांचे तत्त्वच निर्णयाला मार्ग दाखविते. शंकूला मागे आणण्याचे मुख्य काम हवा करीत असल्याने नव्या फोमच्या ताठरपणातील किंचित फरक खपून जातो. मात्र पेटीतून हवेची गळती झालेली खपत नाही. म्हणून कडा बदलणे ही रास्त दुरुस्ती ठरते आणि कापडी कडेवर नव्याने लेप देणे हीसुद्धा. याउलट 'खर्ज वाढावा' म्हणून पेटीला भोक पाडून नळी बसविणे हा वरकरणी किरकोळ फेरबदल होय. परंतु त्याने स्पीकरचा प्राणच जातो. बाहेरून तो एआर-३ए दिसेल, आतून तो कोणीही नसेल.

कपॅसिटरच्या बाबतीत अशीच सावधगिरी आवश्यक आहे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने आपल्या मूल्यापासून ढळतात, म्हणून ते बदलणे अनेकदा अपरिहार्य असते. परंतु त्यांच्या जागी आधुनिक फिल्म कपॅसिटर बसविल्यास मूळ भागात असलेला अंगचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि तार स्वर मूळच्यापेक्षा किंचित उंचावतात. ऐकणाऱ्यास ही 'सुधारणा' वाटते. प्रत्यक्षात तो मूळ तोलातील बदल असतो. जोडीला अल्प मूल्याचा रोधक लावून तो तोल पुष्कळ अंशी परत आणता येतो.

विद्युत पडदा : क्वाड ईएसएल

इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणलेला 'क्वाड' स्थिरविद्युत स्पीकर हे अगदी निराळे उदाहरण होय. यात शंकू नाही, चुंबक नाही आणि पेटीही नाही. सच्छिद्र पट्ट्यांमध्ये ताणलेला प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा विद्युत आकर्षणाने कंप पावतो. खर्जाच्या पडद्यांना सुमारे ६,००० व्होल्ट, तर तार स्वरांच्या पडद्याला सुमारे १,५०० व्होल्ट दाब लागतो. १९८५ पर्यंत या स्पीकरचे उत्पादन चालू होते आणि त्या काळात सुमारे ५४,००० नग तयार झाले.

या स्पीकरचा आरंभ १५ वॉट शक्तीच्या, निर्वात नलिकांच्या 'क्वाड २' ॲम्प्लिफायरच्या सोबतीत झाला. पुढे ट्रान्झिस्टरचे अधिक शक्तिशाली ॲम्प्लिफायर आले आणि तार स्वरांच्या पडद्यात ठिणगी पडून तो जळण्याचे प्रकार घडू लागले. विद्युतभाराकडे धूळ ओढली जाते, पडद्यावरील वाहक लेप क्षीण होतो, उच्च दाबाचा पुरवठा मंदावतो आणि डावा-उजवा स्पीकर असमान वाजू लागतो. जळलेला पडदा ठिगळ लावून दुरुस्त होत नाही. तो नव्याने ताणूनच बसवावा लागतो. येथे दुरुस्ती व पर्याय यांतील सीमारेषा पुसट होते. तरीही सांगाडा, पट्ट्यांमधील अंतर, पडद्याचा ताण आणि विद्युत दाब मूळच्या मापात ठेवले, तर ध्वनीची जात टिकते.

फेरबदलाचे समर्थन करता येईल असे उदाहरणही याच स्पीकरमध्ये सापडते. मर्यादेपलीकडील विद्युत दाब अडविणारे संरक्षक मंडल त्यात बसविता येते. हे मंडल नेहमीच्या श्रवणात आवाजात ढवळाढवळ करीत नाही, संकटकाळीच कार्य करते आणि वाटेल तेव्हा मूळ रचनेला धक्का न लावता काढून टाकता येते. जो फेरबदल वस्तूचे आयुष्य वाढवितो आणि स्वतः निघून जाऊ शकतो, तो जतनाच्या तत्त्वाशी विसंगत नाही. मात्र या यंत्रातील प्राणघातक विद्युत दाब लक्षात घेता हे काम जाणकारानेच करावे.

लिखित मानक : बीबीसी एलएस३/५ए

तिसरे उदाहरण संस्थेच्या गरजेतून जन्मले. बीबीसीच्या संशोधन विभागात प्रस्तावित स्टुडिओंच्या लहान प्रतिकृतींवर ध्वनीचे प्रयोग चालत. त्या कामातील छोट्या स्पीकरवरून, बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत आवाजाचा तोल तपासण्यासाठी वापरता येईल असा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात विकसित झाला. हारवूड, व्हॉटन व मिल्स यांनी लिहिलेला त्याच्या रचनेचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. केईएफ कंपनीचे बी-११० हे बेक्स्ट्रीन शंकूचे युनिट व टी-२७ हा ट्वीटर त्यात वापरला जाई. रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, हार्बेथ आदी कंपन्यांनी बीबीसीच्या परवान्याने तो बनविला. निर्माता कोणीही असो, तयार नग ठरलेल्या मानकाशी जुळलाच पाहिजे, ही अट होती.

कालांतराने बी-११० युनिटचे गुणधर्म मूळ मापापासून ढळू लागले. तेव्हा १९८७ च्या सुमारास क्रॉसओव्हरची फेररचना करण्यात आली आणि १५ ओहमच्या स्पीकरचे ११ ओहमच्या आवृत्तीत रूपांतर झाले. ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. भाग बदलले, मंडल बदलले. परंतु ध्वनीचे मानक हाच अंतिम निकष राहिला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस केईएफने ही युनिटे पुरविणे थांबविले. त्यानंतर एका कंपनीने वेगळी आधुनिक युनिटे वापरून नवी आवृत्ती काढली. केईएफमध्ये मूळ युनिटांची रचना करणारे माल्कम जोन्स यांच्या सहभागाने फाल्कन अकूस्टिक्स या कंपनीने तीच युनिटे नव्याने घडवून २०१४ मध्ये १५ ओहमचा स्पीकर पुन्हा सिद्ध केला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९७० च्या दशकातील एलएस३/५ए चा ट्वीटर जळल्यास त्याच आवृत्तीशी जुळणारे युनिट शोधणे ही दुरुस्ती होय. ११ ओहमच्या आवृत्तीसाठीचे बी-११० युनिट १५ ओहमच्या क्रॉसओव्हरवर चढविणे ही मात्र भेसळ ठरते. ट्वीटरभोवतीची जाड नमद्याची चौकट, त्यावरील सच्छिद्र धातूचे झाकण, जाळीचे विशिष्ट कापड आणि पातळ प्लायच्या भिंतींवरील डांबरी थर हे सर्व ध्वनिरचनेचेच भाग आहेत. साफसफाईच्या उत्साहात नमदा काढून टाकणारा मालक नकळत मानकच मोडीत काढतो.

चर्चा

वरील तीन उदाहरणांत ओळखीचे स्थान निरनिराळे आहे. एआरची ओळख एका भौतिक तत्त्वात आहे, क्वाडची पडद्याच्या मापांत व ताणात, तर बीबीसीच्या स्पीकरची लिखित मानकात. म्हणून 'स्पीकर किती जुना आहे?' या प्रश्नाने निर्णयाचा आरंभ करणे चुकीचे ठरते. 'यातील कोणती गोष्ट गेली असता हा स्पीकर तोच राहणार नाही?' हा खरा आरंभबिंदू होय.

वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत, अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे तत्त्व मांडले आहे. ते येथेही लागू पडते. मूळ मूल्य ठाऊक असलेला कपॅसिटर बदलणे हे ज्ञानावर आधारलेले कार्य आहे. 'आजकालचे भाग चांगले असतात' एवढ्याच भरवशावर संपूर्ण क्रॉसओव्हर उपटणे हे अनुमान आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. ज्याने पैसे मोजले त्याने आपल्या कानाला रुचेल तो बदल का करू नये? हा आक्षेप निराधार नाही. संग्रहालय झडलेला फोमही पुरावा म्हणून तसाच ठेवू शकते. श्रोत्याला तसे करून चालत नाही. शिवाय मोठ्या संख्येने निघालेल्या सामान्य स्पीकरांच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च किमतीहून अधिक होत असेल, तर नवा स्पीकर घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु जे नमुने एका काळाच्या श्रवणाचे साक्षीदार आहेत, त्यांत न परतणारा बदल केल्यास एक पुरावा कायमचा नष्ट होतो. बीबीसीच्या अभियंत्याने गाडीत बसून एखाद्या मैफलीचा तोल कसा ठरविला, हे समजून घेण्याचा एक मार्ग म्हणजे त्याने जे ऐकले तेच पुन्हा ऐकणे. तो मार्ग बंद झाला, तर ध्वनिमुद्रण उरते. त्यामागचा कान हरवतो.

निष्कर्ष

१) प्रथम दोषाचे निदान करावे. दोन्ही स्पीकरांचे मोजमाप व तुलना केल्याविना एकही भाग बदलू नये.
२) फोम, लेप, कपॅसिटर यांसारखे नाशवंत भाग मूळ गुणधर्मांनुसार बदलणे ही दुरुस्तीच होय, ती टाळल्यास उर्वरित भागांचीही हानी होते.
३) फेरबदल परत फिरविता येण्याजोगा असावा आणि त्याचा हेतू संरक्षण हा असावा.
४) ओळख ज्या भागात सामावली आहे तो भाग मिळत नसेल, तर मानकाशी जुळणारे नवे युनिट स्वीकारावे, ते जोडीतील दोन्ही स्पीकरांत बसवावे.
५) काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि केलेल्या कामाची तारखेसह नोंद पेटीतच ठेवावी.

समारोप

जुन्या स्पीकरचा जीर्णोद्धार हा तंत्राचा प्रश्न आहे तितकाच इतिहासाचाही आहे. स्पीकरचा आजचा मालक हा त्याचा अखेरचा मालक असेलच असे नाही. पुढच्या मालकाला आपण काय बदलले आणि मूळ काय होते, हे कळण्याची सोय ठेवणे एवढे कर्तव्य पार पाडले, तरी अनेक चुका पुढे सुधारता येतील. पेटीत ठेवलेली नोंदीची एक चिठ्ठी आणि कागदात गुंडाळलेले चार जुने कपॅसिटर यांचे मोल म्हणूनच कमी लेखता येणार नाही.