पैनगंगेकाठचं रोशाचं तेल

दसऱ्याच्या सुमाराला पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या सागवानी रानात शिरलं, की उघड्या खडकाळ उतारांवर माणसाच्या उंचीचं एक गवत तांबूस तुऱ्यांनी भरून आलेलं दिसतं. तुरा तळहातावर चुरगळला की गुलाबाचा वास येतो आणि त्यामागून आल्यासारखी बारीक तिखट झाक. विदर्भात या गवताला तिखाडी म्हणतात, खानदेशात रोशा. भावप्रकाशात ते कत्तृण, रौहिष, सौगंधिक अशा नावांनी येतं आणि वनस्पतिशास्त्रात सिंबोपोगॉन मार्टिनी म्हणून. आखडलेली पाठ, भरून आलेल्या पोटऱ्या आणि संधिवात यांवर चोळायचं मध्य भारताचं सुगंधी तेल म्हणजे याच तुऱ्यांचं तेल. त्याची कुळकथा सांगायलाच हवी, कारण अर्धं जग फिरून आलेलं हे तेल आज ज्या रानात त्याचं गवत उगवतं त्याच रानाकाठच्या घरांत क्वचित सापडतं.

आधी मुलखाविषयी थोडं. आदिलाबाद आज तेलंगणात असलं तरी इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दखनी एकाच वेळी कानावर पडतात. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यांची फेररचना झाली आणि ते मराठी मुलखाकडे आले. रेषा कागदावर पडली, रान तेच राहिलं. कष्टही तेच. इथलं मुख्य पीक कापूस, आणि वेचणीचे महिने म्हणजे बाईमाणसांच्या कमरेची परीक्षा. नागोबाच्या जत्रेसाठी मेसराम या गोंड कुळाचे लोक केसलापूरहून गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात आणि तसेच चालत परततात. दिवाळीच्या सुमाराला दंडारी उत्सवात गुसाडी नर्तक नाचतात ते दिवसेंदिवस, गावोगाव. रोशाला तुरा येतो तो वेचणी आणि दंडारीच्या याच काळात. गवत पिकतं तेव्हाच अंग ठणकण्याचा हंगाम असतो, हा योग मला फार बोलका वाटतो.

अंगाला लावायच्या तेलाच्या आपल्याकडे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक वाट वैद्यांची: तिळाच्या तेलात वनस्पतीचा काढा आणि कल्क घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत शिजवायचं. नारायण तेल, महामाष तेल ही त्या घरची. यात वास कमी, स्निग्धपणा जास्त. दुसरी वाट अत्तरवाल्यांची: वनस्पती पाण्यासोबत उकळायची, वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात न्यायची, थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं हलकं तेल वरच्यावर काढून घ्यायचं. हे तेल कागदावर टाकलं तर उडून जातं, डाग मागे राहत नाही. म्हणून शास्त्रात त्याला बाष्पनशील तेल म्हणतात. रोशाचं तेल या दुसऱ्या घरातलं. अंगाला लावताना मात्र ते पुन्हा तिळाच्या तेलातच मिसळावं लागतं, म्हणजे दोन्ही वाटा शेवटी एकाच वाटीत येतात.

तिळाच्या तेलाला या जिल्ह्यात असलेला मान वेगळाच. नारनूरच्या खामदेव जत्रेत तोडसम कुळाची लेक घरी गाळलेलं तिळाचं तेल दोन-अडीच किलो पिऊन दाखवते आणि कुळाला, पिकाला बरकत मागते. तेलाला इथे औषधापलीकडची जागा आहे, ती अशी.

आता भट्टी. खानदेश, वऱ्हाड, निमाड, बैतूल आणि पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाच्या रानांतही रोशाच्या भट्ट्या लागत. पाऊस उघडला, गवत फुलायला लागलं की कापणी सुरू होई. खानदेशात हे काम मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हाती होतं. ओढ्याच्या काठाला चूल खणायची, तिच्यावर लोखंडी किंवा तांब्याची मोठी देग बसवायची. देगेत तळाशी पाणी आणि वर गवत दाबून भरायचं, झाकण लावायचं आणि वाफ कुठूनही फुटू नये म्हणून सांधे उडदाच्या पिठाने किंवा चिकणमातीने लिंपून घ्यायचे. झाकणाच्या भोकातून पोकळ बांबू निघे. त्याला सुतळी गुंडाळलेली असे आणि त्याचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात जाई. वाफ तिथे थंड होई, तेल वर येई.

या सगळ्यात कौशल्य दोन जागी लागे. एक म्हणजे कापणीची वेळ. तेल मुख्यतः तुऱ्यात असतं, पानांत त्याहून कमी आणि दांड्यात जवळजवळ नाहीच. तुरा कोवळा असताना कापलं तर तेल कमी मिळतं आणि बी गळेपर्यंत थांबलं तर वास उतरतो. दुसरं म्हणजे जाळ. उघड्या आचेवर देगेतलं पाणी आटलं की गवत करपतं आणि तो करपट वास तेलातून कधीच जात नाही. तांब्याच्या भांड्यामुळे तेलाला हिरवट झाकही येई. उतारा फार थोडा: क्विंटलभर ओल्या गवतातून पाव-अर्धा किलो, कधी त्याहूनही कमी. म्हणून भट्टी गवताकडे जाई, गवत भट्टीकडे येत नसे. ओढा, सरपण आणि गवत जिथे एकत्र तिथे महिना-दोन महिने मुक्काम, आणि मग पुढचा ओढा.

शास्त्रीय नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन, जन्माने फ्रेंच. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दख्खनच्या बालाघाट मुलखात त्याला हे गवत दिसलं. त्याने बी गोळा करून लखनौला पेरलं आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने त्याच्या नावाने गवताची नोंद केली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे गवत ओळखलं, कापलं, उकळलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठल्या दप्तरात नाही. वनस्पतींच्या इतिहासात हे सर्रास घडतं, तरी दर वेळी ते खटकतं.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे निघालं. अरबस्तानातून ते इस्तंबूलला पोचे आणि तिथे त्याला ‘इद्रीस यागी’ म्हणत. तिथले व्यापारी लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्यात ते घुसळत आणि उन्हात ठेवून रंग उडवत. असं शुद्ध केलेलं तेल, तेव्हा तुर्की सत्तेखाली असलेल्या बल्गेरियाच्या गुलाबभट्ट्यांत पाकळ्यांवर शिंपडलं जाई. पाकळ्या आणि रोशा एकत्र उकळून निघालेलं अत्तर गुलाबाचं म्हणून युरोपात विकलं जाई. युरोपच्या बाजारात या तेलालाच ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. तुर्कस्तानात या गवताची काडीही उगवत नव्हती. सातपुड्याच्या आणि पैनगंगेच्या उतारावरचा सुगंध असा परक्या नावाने जगभर खपला. मला वाटतं, या तेलाचं घरगुती औषधपण मागे पडायला इथूनच सुरुवात झाली. सुगंधासाठी पैसा मिळायला लागला की ते तेल कोण कमरेला चोळणार?

१८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला जिरॅनिऑल नाव मिळालं. गुलाबाचा जो वास आपण ओळखतो त्यात या द्रव्याचा वाटा मोठा. चांगल्या रोशाच्या तेलात ते शेकडा ७५ ते ८५ असतं. मात्र सगळा रोशा सारखा नसतो. भट्टीवाल्यांना दोन जाती आधीपासून ठाऊक होत्या: कोरड्या, उन्हाच्या उतारावर तुटक झुबक्यांनी वाढणारी मोतिया आणि ओलसर, दाट जागी माजणारी सोफिया. मोतियाचं तेल ते पामरोसा. सोफियाचं तेल जिंजरग्रास म्हणून विकलं जाई. त्यात जिरॅनिऑल कमी, वास तिखट आणि भावही उतरता. बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हा भेद कागदावर मांडला.

दुखण्यावर याचा उपयोग किती? मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉकने सहकाऱ्यांसह १८९० पासून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केली. जुन्या संधिवातावर हे तेल चोळायची रीत त्यांनी नोंदली. तेल त्वचेवर किंचित ऊब आणतं, तिथलं रक्ताभिसरण वाढतं आणि त्या उबेच्या जाणिवेत खोलवरची ठणक बोथट होते. चोळण्याचा स्वतःचा फायदा वेगळा, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक आराम त्या हातांचाच असतो. माणसांवर या तेलाच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. तेव्हा कष्टाने आंबलेल्या स्नायूंना आराम एवढंच त्याचं काम मानावं. सूज, मुंग्या, ताप किंवा पडल्यावरचं दुखणं असेल तर दवाखाना गाठावा.

मग घराघरातून त्याची जागा कुणी घेतली? निलगिरीने. युकॅलिप्टसची झाडं १८४३ च्या सुमाराला उटीत लागली आणि त्या डोंगराचंच नाव तेलाला मिळालं. १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थाने मुंबईत अमृतांजन काढलं. हैदराबादेत १९२० साली हकीम मोइझुद्दीन फारुकी यांचं जिंदा तिलिस्मात आलं, मुख्यतः निलगिरी तेलाचं. निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाड्यात आणि आदिलाबादेतही, ती लहान बाटली सर्दीपासून अंगदुखीपर्यंत सगळ्यावर चालू लागली. बाटलीत भरून, नाव लावून, एकाच भावाने मिळणारं औषध आणि ओढ्याकाठी निघणारं कमीजास्त प्रतीचं तेल यांची बरोबरी होण्यासारखी नव्हती.

पुढे रोशावर आणखी दोन घाव पडले. राखीव जंगलात गवताचे लिलाव होऊ लागले. ठेकेदार आला आणि कापणारा मजूर झाला. नंतर टर्पेंटाइनपासून कृत्रिम जिरॅनिऑल बनायला लागलं. लखनौच्या सीमॅप या वनस्पती-संशोधन संस्थेने तृष्णा, तृप्ता अशा लागवडीच्या जाती काढल्या, त्यामुळे आज बाजारातलं बहुतेक पामरोसा शेतातून येतं. हे शेतकऱ्यासाठी चांगलंच झालं: गुरं याला फारसं तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं आणि एकदा लावलं की काही वर्षं कापणी मिळते. आदिलाबादच्या हलक्या रानांत, जिथे कापूस दर दोन-तीन वर्षांनी दगा देतो, तिथे बांधावर आणि उतारावर याचा विचार व्हायला हवा. गावात एक वाफेची भट्टी असली तर तेल आधी गावाच्या वाटीत आणि उरलेलं बाजारात जाईल, हा क्रम मला योग्य वाटतो.

विकत घेणार असाल तर बाटलीवर पामरोसा किंवा सिंबोपोगॉन मार्टिनी हे नाव पाहून घ्या आणि वास घ्या. करपट किंवा टर्पेंटाइनसारखा आला तर परत करा. दोन चमचे तिळाच्या कोमट तेलात तीन-चार थेंब पुरे. जिरॅनिऑल काहींच्या त्वचेला सोसत नाही, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. पोटात घेऊ नका, जखमेवर आणि डोळ्यांजवळ लावू नका, तान्ह्या मुलांना तर नकोच. रात्री, दिवसभराचं काम आटोपल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून चोळून घ्या.