मॅकेंझी पद्धती

कंबरदुखीचे मूळ हालचालींतून शोधणारी व हालचालींनीच उपचार करणारी भौतिकोपचार पद्धती. जनक : न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी (१९३१–२०१३). १९५६ मध्ये त्यांच्या वेलिंग्टनच्या दवाखान्यात कमरेपासून गुडघ्यापर्यंत कळा जाणारा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. पाठीला असा मागे बाक देणे तेव्हा घातक समजत. पण काही मिनिटांतच पायाची कळ थांबली.

या अनुभवातून घडलेल्या पद्धतीच्या तपासणीत पुढे-मागे वाकणे, पालथे झोपून कंबर सैल ठेवत तळहातांवर छाती उचलणे अशा हालचाली पुन्हापुन्हा करायला लावतात आणि दुखणे कुठे सरकले ते विचारतात. पोटरीतली कळ मांडीत, मग कमरेत गोळा झाली, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी ते सुलक्षण. कळ खाली उतरली, तर ती दिशा वर्ज्य. एमआरआयमध्ये दिसणारा मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा काहीही न दुखणाऱ्यांतही आढळतो, म्हणून ही विचारपूस फार मोलाची. सापडलेला व्यायाम रुग्ण दिवसातून अनेकदा घरीच करतो. उपचार त्याच्या हाती सोपवणे हे या पद्धतीचे खरे मोठेपण. मॅकेंझींचे ‘ट्रीट युअर ओन बॅक’ (१९८०) हे पुस्तक त्यासाठीच आहे. सर्वांनाच गुण येतो असे नाही. लघवीवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरता किंवा पायातली ताकद जाणे अशी लक्षणे असल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.