रस्त्यावरील हक्क आणि रस्त्यावरील धोका : ब्रिटनमधील सायकलस्वार, १८७६ ते १९३९

सार्वजनिक रस्ता सर्वांचा, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात फार जुने आहे. पादचारी, घोडेस्वार आणि गाडीवान हे सारे एकाच मार्गाचे सारखे अधिकारी, असा त्याचा आशय. परंतु रस्ता सर्वांचा असणे ही एक गोष्ट, आणि रस्त्यावरील धोका सर्वांच्या वाट्यास सारखा येणे ही दुसरी गोष्ट होय. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होते असे इंग्रजी विधिव्यवस्थेने दीर्घकाळ गृहीत धरले. ब्रिटनमधील सायकलस्वारांचा इतिहास या गृहीताची परीक्षा पाहण्यास विशेष उपयुक्त आहे. ज्या वाहनाला एकोणिसाव्या शतकाने धोकादायक म्हणून दूषण दिले, तेच वाहन पुढील पन्नास वर्षांत धोक्याचे भक्ष्य ठरले. आणि या उलथापालथीत कायद्याची भाषा मात्र फारशी बदलली नाही.

समान हक्काच्या तत्त्वाने सायकलस्वारास रस्त्यावर स्थान मिळवून दिले. तथापि रस्त्यावरील बलाबलाचा विचार न करणारी ही समानता त्याचे रक्षण करण्यास अपुरी पडली. हे कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१

१८७० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसू लागलेली सायकल आजच्यासारखी नव्हती. तिचे पुढील चाक मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पोचेल इतके उंच, आणि मागील चाक अगदी लहान. तिच्यावर बसणारे बहुतेक सुस्थित मध्यमवर्गातील तरुण असत. रस्त्याच्या जुन्या अधिकाऱ्यांना हा नवागत रुचला नाही. घोडे बुजतात ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. परंतु विरोध तक्रारीपाशी थांबला नाही. १८७६ साली सेंट ऑल्बन्सच्या टपालगाडीसारख्या प्रवासी घोडागाडीच्या चालकाने शेजारून जाणाऱ्या एका सायकलस्वारावर चाबूक ओढला, आणि त्याच गाडीवरील रखवालदाराने दोरीस बांधलेला लोखंडी गोळा सायकलच्या चाकात फेकून स्वारास खाली पाडले. दोघांनाही दंड झाला. बलवत्तर वाहनाच्या चालकाने हेतुपुरस्सर सायकलस्वारास इजा केल्याचे हे आरंभीच्या गाजलेल्या उदाहरणांपैकी एक होय. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८७८ मध्ये, हॅरोगेट येथे सायकलस्वारांच्या पर्यटनसंघाची स्थापना झाली. पुढे 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने तो प्रसिद्धीस आला.

सायकल म्हणजे विधिदृष्ट्या नेमके काय, हा प्रश्न मात्र अनिर्णीतच होता. १८३५ च्या महामार्ग कायद्यात बेफामपणे गाडी हाकणे हा गुन्हा होता. पण तो कायदा झाला तेव्हा सायकल अस्तित्वातच नव्हती. १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की त्या कलमापुरती सायकल ही 'गाडी' होय. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात पथकराच्या प्रयोजनापुरती ती गाडी नव्हे असे ठरले. म्हणजे शिक्षेसाठी ती गाडी होती, करासाठी नव्हती, आणि हक्कासाठी होती की नाही हे कोणीच सांगितले नव्हते. सायकलीस विधिमान्यता प्रथम मिळाली ती अशी आरोपीच्या पिंजऱ्यात. त्या काळी रस्त्यावरील भरधाव वाहन म्हणजे सायकलच होते, हे येथे विसरून चालणार नाही.

ही संदिग्धता १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने संपविली. त्याच्या ८५ व्या कलमाने सायकल, तीनचाकी आणि तत्सम वाहने महामार्ग कायद्यांच्या अर्थाने गाड्या असल्याचे घोषित केले. सायकलींवर स्वतंत्र निर्बंध घालण्याचे स्थानिक अधिकाऱ्यांचे अधिकार काढून घेतले. आणि त्याबरोबर दोन कर्तव्ये लादली. सूर्यास्तानंतर दिवा लावणे हे एक, आणि दुसऱ्यास ओलांडून पुढे जाताना घंटेने वा अन्य प्रकारे सूचना देणे हे दुसरे. सायकलस्वार या कलमास आपली सनद मानीत, आणि ते योग्यच होते. परंतु या सनदेचे स्वरूप पाहता तीत हक्क आणि कर्तव्य ही दोन्ही घोडागाडीच्या मापाने बेतलेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. घोडागाडी आणि सायकल यांच्या वेगात व शक्तीत अंतर होते. पण ते एका मानवी तराजूत तोलता येण्याजोगे होते. पुढे आलेल्या वाहनाने तो तराजूच मोडला.

२

मोटारीच्या आगमनात सायकलस्वारांचा वाटा मोठा होता, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट होय. आगगाडीच्या युगात इंग्लंडचे लांब पल्ल्याचे रस्ते उपेक्षित राहिले होते. ते सुधारावेत म्हणून १८८६ मध्ये सायकलस्वारांच्या दोन प्रमुख संघटनांनी 'रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' स्थापिली. या संस्थेचे पुढील काळातील चिटणीस विल्यम रीस जेफ्रीज हे सायकलस्वारांच्या चळवळीतूनच आले होते. नंतर ते मोटारवाल्यांच्या संघटनेत शिरले, आणि १९१० साली सरकारी रस्ते मंडळाचे चिटणीस झाले. सायकलवाल्यांनी मागितलेला गुळगुळीत रस्ता मोटारवाल्यांच्या हाती कसा गेला, हे या एकाच कार्यजीवनावरून दिसून येते.

१८९६ पूर्वी यांत्रिक वाहनापुढे एका माणसाने पायी चालणे आवश्यक होते. त्या वर्षीच्या कायद्याने ती अट गेली आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी १४ मैल ठरली. स्थानिक शासन मंडळाने नियमाने ती १२ वर आणली. १९०३ च्या मोटार कायद्याने ही मर्यादा ताशी २० मैल केली, वाहनास क्रमांक व चालकास परवाना आवश्यक केला. पण परवान्यासाठी कोणतीही परीक्षा ठेवली नाही. मर्यादा मोडणाऱ्यांस पकडण्यासाठी पोलीस रस्त्याकडेस दबा धरून बसू लागले, तेव्हा त्यांना शह देण्यासाठी १९०५ मध्ये 'ऑटोमोबाइल असोसिएशन' ही संघटना निघाली. पोलीस कोठे लपले आहेत याची मोटारवाल्यांना आगाऊ सूचना देणारे तिचे पहिले पहारेकरी सायकलीवर फिरत. वेगवान मोटारीच्या सेवेसाठी सायकलच राबविली गेली, याहून त्या दोन वाहनांच्या पालटत्या संबंधांचे बोलके उदाहरण मिळणे कठीण. मर्यादेबाहेर जाणाऱ्या चालकास अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय न्यायालयाने १९१० मध्ये दिला. परंतु कायदा मोडणाऱ्यांची प्रतिष्ठित संघटना असू शकते, हे तोवर सिद्ध झाले होते.

३

पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही वाहनांचा सामाजिक स्तर बदलला. मोटार मध्यमवर्गात उतरली, आणि सायकल कामगारवर्गाची झाली. १९३० नंतरच्या दशकात पाच पौंडांहून कमी किमतीत नवी सायकल मिळू शके, आणि देशातील सायकलस्वारांची संख्या अंदाजे एक कोटी मानली जाई. सकाळी कारखान्याच्या फाटकाकडे लोटणारा सायकलींचा लोंढा हे औद्योगिक शहरांचे नित्याचे दृश्य होते. जो वर्ग मोटार चालवीत होता, त्याच वर्गातून पार्लमेंटचे सभासद आणि मॅजिस्ट्रेट बहुधा येत. दंड किती करावा आणि निष्काळजीपणा कशास म्हणावे, हे ठरविणाऱ्यांच्या अनुभवात चालकाची बाजू अधिक परिचयाची होती.

रस्त्यावरील मृत्यूंची राष्ट्रीय नोंद १९२६ पासून पद्धतशीर होऊ लागली. त्या वर्षी ४,८८६ माणसे मृत्यू पावली. १९३० मध्ये ही संख्या ७,३०५ झाली. नेमक्या याच वर्षी संमत झालेल्या रस्ते वाहतूक कायद्याने मोटारींवरील ताशी २० मैलांची मर्यादा समूळ रद्द केली. सर्वत्र मोडला जाणारा नियम ठेवण्यापेक्षा बेदरकार चालकास शिक्षा करावी, असा त्यामागील युक्तिवाद होता. याच कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा केला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण विमा मृत्यूनंतर उपयोगी पडतो, मर्यादा मृत्यूपूर्वी. १९३४ साली मृतांचा आकडा ७,३४३ वर आणि जखमींचा २,३१,६०३ वर गेला.

त्याच वर्षी वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणणारे विधेयक पार्लमेंटपुढे आले. त्याच्या विरोधात बोलताना मूर-ब्रॅबझन या सभासदांनी असे प्रतिपादन केले, की देशात दरवर्षी सहा हजारांवर माणसे आत्महत्या करतात, त्याचा कोणी गवगवा करीत नाही. मोटारीच्या आरंभकाळी कोंबड्या चिरडल्या जात, पुढे प्राणीसुद्धा बाजूस होण्यास शिकले, तशी माणसेही शिकतील. हे गृहस्थ १९४० मध्ये वाहतूकमंत्री झाले. त्यांचे बोलणे क्रूर वाटते. तरी त्यातील तर्क एकट्या त्यांचा नव्हता. धोका निर्माण करणाऱ्याने सावरण्याऐवजी धोक्यात सापडणाऱ्याने बाजूस व्हावे, हा तो तर्क. विधेयक संमत झाले. मार्च १९३५ पासून मर्यादा आणि जूनपासून नव्या चालकांसाठी परीक्षा सक्तीची झाली. तर्क मात्र टिकून राहिला.

न्यायालयांतही त्याचा प्रत्यय येतो. १९३७ च्या अँड्र्यूज खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्वाळा दिला, की मृत्यूस कारण झालेले वाहन धोकादायक रीतीने हाकले होते एवढ्यावरून मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध होत नाही. त्यासाठी अत्युच्च प्रतीचा निष्काळजीपणा लागतो. ज्यूरीतील माणसेही चालकास मनुष्यवधाचा दोषी ठरविण्यास कचरत. अखेर १९५६ मध्ये 'धोकादायक चालनाने मृत्यू घडविणे' हा स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा लागला.

४

या पार्श्वभूमीवर सायकलस्वारांच्या संघटनेने घेतलेली भूमिका प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकते. डिसेंबर १९३४ मध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या हमरस्त्यालगत सायकलींसाठी वेगळ्या मार्गाचे उद्‌घाटन केले. रस्त्याच्या दोन्ही अंगांस, सुमारे अडीच मैल लांबीचा आणि साडेआठ फूट रुंदीचा असा हा काँक्रीटचा पट्टा होता. जीव वाचविणाऱ्या या सोयीचे सायकलस्वारांनी स्वागत करावे ही अपेक्षा. प्रत्यक्षात जी. एच. स्टॅन्सर यांच्या चिटणीसपदाखालील टूरिंग क्लबने तिला कडाडून विरोध केला.

या विरोधाची कारणे दोन प्रकारची होती. पहिले कारण व्यवहाराचे. हे मार्ग अरुंद असत, त्यांचा पृष्ठभाग मुख्य रस्त्यापेक्षा निकृष्ट असे, आणि जेथे अपघात अधिक होतात त्या आडरस्त्यांच्या तोंडाशीच ते तुटत. दुसरे कारण तत्त्वाचे, आणि ते अधिक खोल होते. आज ऐच्छिक असलेला मार्ग उद्या सक्तीचा होईल, आणि १८८८ मध्ये मिळालेला रस्त्यावरील हक्क जाईल, अशी भीती त्यांना होती. ती अनाठायी नव्हती. लॉर्ड ॲल्नेस यांच्या अध्यक्षतेखालील लॉर्ड्सच्या समितीने १९३९ च्या अहवालात, जेथे योग्य मार्ग असतील तेथे सायकलस्वारांस त्यांचा वापर सक्तीचा करावा अशीच शिफारस केली. महायुद्ध सुरू झाले आणि ती बासनात राहिली.

मागील दिव्याचा वादही याच प्रकारचा. सायकलीच्या मागे दिवा वा परावर्तक असावा असे १९२७ च्या कायद्याने ठरविले, आणि १९३४ च्या कायद्याने मागील बाजूस पांढरा पट्टाही आवश्यक केला. मागील दिव्याच्या सक्तीस क्लबचा विरोध होता. पुढे जितके दिसते तितक्या अंतरात थांबता येईल अशा वेगाने जाणे हे मागून येणाऱ्या चालकाचे कर्तव्य; दिव्याची सक्ती केल्याने ते कर्तव्य पुढील माणसावर ढकलले जाते, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप तत्त्वतः बिनतोड होता. व्यवहारात मात्र अंधारात मागून येणाऱ्या मोटारीस तत्त्व दिसत नसे, दिवा दिसत असे. दुसऱ्या महायुद्धातील दीपबंदीच्या काळात मागील दिवा सक्तीचा झाला. १९४१ साली रस्त्यावरील मृत्यूंनी ९,१६९ हा उच्चांक गाठला.

५

क्लबची भूमिका चुकीची होती काय? रस्त्यावरील हक्क सोडणे म्हणजे बलवंताची सत्ता मान्य करणे, हे त्यांचे निदान अचूक होते. परंतु त्यांनी ज्या समानतेचा आश्रय घेतला, ती घोडागाडीच्या काळची होती. ताशी १० मैल जाणारा स्वार आणि ताशी ५० मैल जाणारी टनभर वजनाची मोटार यांच्यावर सारखेच कर्तव्य लादले, की चुकीची किंमत मात्र सारखी राहत नाही. एकाची चूक दंडाने फिटते, दुसऱ्याची प्राणाने; पुष्कळदा एकाच्या चुकीची किंमत दुसराच देतो.

नेदरलँड्सने या कोड्याचे उत्तर वेगळ्या दिशेने शोधले. तेथे १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये 'मुलांची हत्या थांबवा' या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीने, आणि १९७३ च्या तेलटंचाईने, तेथील नगररचनेस वेगळे वळण दिले. तेथील वेगळा सायकलमार्ग हा रस्त्यावरून हद्दपारीचा हुकूम ठरला नाही, कारण त्याच्या जोडीने दायित्वाचा नियमही उभा होता. १९९४ च्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार मोटारीने सायकलस्वारास वा पादचाऱ्यास इजा झाल्यास, अपरिहार्य कारण सिद्ध न केल्यास भरपाईचे दायित्व मोटारमालकावर येते. जखमी व्यक्ती चौदा वर्षांखालील असल्यास ते जवळजवळ पूर्णतः येते. हानी करण्याची शक्ती ज्याची अधिक, त्याची जबाबदारी अधिक, हे या नियमाचे सूत्र होय.

भारतातही इंग्रजी परंपरेचाच वारसा दिसतो. १८६० च्या दंडसंहितेतील २७९ व्या कलमाने बेदरकारपणे वाहन हाकणारा आणि स्वारी करणारा यांस एकाच मापाने मोजले; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेने त्या संहितेची जागा घेतली, तेव्हाही ही रचना पालटली नाही. मोटार कायद्यात मात्र १९८२ च्या दुरुस्तीने, दोष सिद्ध न करताही मर्यादित भरपाई देण्याचे तत्त्व आले. शिक्षेच्या कायद्याने जे अंतर पाहिले नाही, ते भरपाईच्या कायद्याने अंशतः का होईना, पाहिले.

खुद्द ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या सुधारित महामार्ग संहितेने, अधिक हानी करू शकणाऱ्याची जबाबदारी अधिक, असा क्रम प्रथमच स्पष्टपणे मांडला. ही संहिता मार्गदर्शक असून तिने दिवाणी दायित्वाचा भार बदललेला नाही. तरीही १८७९ मध्ये सायकलीस गाडी ठरविणाऱ्या न्यायालयाने जो प्रश्न विचारला नव्हता, तो विचारला जाण्यास १४३ वर्षे लागली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगी आहे. हे वाहन गाडी आहे काय, एवढेच त्या न्यायालयाने पाहिले. ही गाडी कोणाचा जीव घेऊ शकते, आणि कोणाचा घेऊ शकत नाही, हा प्रश्न तेव्हापासून उत्तराची वाट पाहत होता.