फाल्कनर ऱ्होडोडेंड्रॉन

(लॅ. ऱ्होडोडेंड्रॉन फाल्कनेरी, कुल–एरिकेसी). पूर्व हिमालयातील मोठ्या पानांचा सदाहरित वृक्ष. नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीम व भूतान येथे सु. २,७०० ते ३,७०० मी. उंचीवरील थंड, धुकट वनांत तो वाढतो. सिक्कीममध्ये अशा मोठ्या पानांच्या जातींना नेपाळी भाषेत ‘कोर्लिंगा’ म्हणतात. जोसेफ डाल्टन हूकर यांनी या जातीचे वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. सहारनपूर व नंतर कलकत्ता येथील वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर (१८०८–६५) यांच्यावरून तिला नाव मिळाले.

वृक्ष सु. १०–१२ मी. उंच होतो. तांबूस-तपकिरी साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. पाने चिवट, २० ते ३५ सेंमी. लांब, वरून गर्द हिरवी व शिरांच्या जागी सुरकुतलेली, खालून गंजाच्या रंगाच्या दाट लवेने झाकलेली. एप्रिल–मेमध्ये फांद्यांच्या टोकांना घंटेसारख्या फुलांचे भरगच्च गुच्छ येतात. फुले फिकट पिवळी किंवा पांढरट, आत तळाशी जांभळा डाग असलेली. पुष्पमुकुटाला बहुधा ८–१० पाळ्या असतात. लाल फुलांच्या बुरांस या दुसऱ्या ऱ्होडोडेंड्रॉन जातीला त्या पाचच. फळ म्हणजे बोंड. बी अतिशय बारीक.

लागवड : मोठे पान हीच या झाडाची नाजूक बाजू. जोराच्या वाऱ्याने ते फाटते व कोरड्या हवेत करपते. म्हणून उंच झाडांच्या आडोशाला, विरळ सावलीत जागा निवडतात. सौम्य व पावसाळी हवामानाच्या पश्चिम स्कॉटलंड व कॉर्नवॉलमधील बागांत तो चांगला रुजला आहे. जमीन आम्लधर्मी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी लागते. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. मुळे उथळ असल्याने रोप खोल लावीत नाहीत, बुंध्याभोवती खणत नाहीत. कुजलेल्या पाल्याचे आच्छादन देतात. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

छाट कलमे सहसा मुळे धरीत नाहीत, म्हणून बियांपासून रोपे करतात किंवा दुसऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या खुंटावर कलम बांधतात. बी मातीने न झाकता ओलसर पृष्ठभागावरच पेरतात. बियांपासून वाढलेल्या झाडाला फुले येण्यास दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. बागेत शेजारच्या जातींशी सहज संकर होतो. शुद्ध रोपांसाठी हाताने परागण करून धरलेले किंवा मूळ वनातील बी वापरतात.