झिजलेल्या नाण्यांची साक्ष

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका वृद्ध बागाईतदारांनी प्रस्तुत लेखकासमोर एक कापडी पिशवी रिती केली. तीत तांब्याचे अकरा तुकडे होते. "मास्तर, हे चिल्लर भंगारवालाबी घेत नाही," असे ते हसून म्हणाले. बहुतेक तुकडे शिवरायांचे होते. एकावर 'राजा' एवढेच वाचता येत होते, दुसऱ्यास छिद्र पाडलेले होते, आणि एक चिंचेने घासून लख्ख केलेला होता. त्या लख्ख तुकड्यावर मात्र काहीच उरले नव्हते.

नाणी जमविणाऱ्यांची दृष्टी सामान्यतः सुबक, पूर्णाक्षरी नाण्यांकडे असते. हौसेला ते शोभते; इतिहासास मात्र तेवढ्याने भागत नाही. वऱ्हाडातीलच उदाहरण घ्यावे. १९३९ साली तऱ्हाळा येथे (तेव्हा अकोला जिल्हा, १९९८ पासून वाशीम) सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा संचय सापडला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील व शिसे मिसळलेल्या हलक्या धातूची. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. देखणेपणाच्या बाजारात त्यांना कोण विचारणार? ठसा मोठा व चकती लहान, त्यामुळे राजाचे नाव बहुधा अर्धेच उमटलेले. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची. अशी नाणी शेजारी ठेवून, एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढीत वाचावी लागतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या संचयाचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे उजेडात आली. संचयातील चांगली शंभर नाणी निवडून बाकीची वितळविली असती, तर यांपैकी कोणते नाव हाती लागले असते हे सांगवत नाही.

नासिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या निधीची गोष्ट याहून बोलकी आहे. क्षहरात राजा नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी तेथे निघाली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. खाली नहपानाचा चेहरा, त्यावर चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह; दोन्ही एकमेकांत मिसळून गेलेली. संग्राहकाच्या मते हे बिघडलेले नाणे होय. पण क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचा जो दावा नासिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात आहे, त्यास बळकटी मिळते ती याच बिघाडाने. प्रशस्तीत अतिशयोक्ती असू शकते. शत्रूच्या चलनावर आपला ठसा मारण्यासाठी ते चलन हाती यावेच लागते.

झीज ही तर स्वतःच मोजता येणारी वस्तू आहे. मूळचे गोव्याचे गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० नंतरच्या दशकात तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा वजनाच्या आधारे अभ्यास केला. नाणे हातोहात फिरते, तसा धातू घासला जातो. मागील बाजूवरील बारीक परीक्षण-चिन्हांची संख्या जशी वाढते, तसे सरासरी वजन घटत जाते, असे त्यांना आढळले. भीर टेकाडावरील निधीत अलेक्झांडरची दोन व फिलिप अऱ्हिडियसचे एक, अशी जवळजवळ कोरी नाणी होती. त्यांवरून निधी पुरल्याचा सुमार कळतो. परंतु त्याआधी हे चलन किती काळ लोकांत वावरत होते, हे विचारायचे तर झिजलेल्यांनाच विचारावे लागते. येथे एक सावधगिरी हवी. एकाच नाण्याच्या वजनावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण टाकसाळीतच थोडे कमीजास्त होई. शेकडो नाणी तोलली तरच सरासरीस अर्थ येतो. म्हणून टाकाऊ नाण्यांची संख्या हीच अभ्यासकाची पुंजी.

ही पुंजी दोन वाटांनी नष्ट होते. पहिली वाट मुशीची. दुसरी वाट चिंच, राख आणि वाळूची. विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकानेही हा अपराध केला आहे. तांब्यावरील हिरवट थराबरोबर अक्षरांच्या उरल्यासुरल्या कडाही निघून जातात. कायद्याची भीती ही आणखी एक अडचण. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. पण पुष्कळांना वाटते की, कळविले म्हणजे शेत गेले. मग तुकडे गुपचूप मोडीत जातात आणि सापडण्याच्या जागेची माहिती त्यांच्याबरोबर संपते.

शेंदूरजनाघाटचे ते अकरा तुकडे आम्ही सोनाराच्या काट्यावर तोलले, प्रत्येकाचे वजन व व्यास वहीत उतरविला आणि ते मालकास परत केले. ते कोठे मिळाले, असे विचारता, नऊ घरातील जुन्या गाडग्यातले व दोन बागेत आळी खणताना निघालेले, असे उत्तर मिळाले. बागेतले दोन कोणते, हे मात्र आता त्यांनाही ओळखता येईना.