वेरूळ कधी हरवलंच नव्हतं

मंडळी, एकच रील मला चार-पाच जणांनी पाठवली. 'कैलास लेणं माणसानं केलंच नाही, एलियन कोरून गेले, इतिहासात कुठंच नोंद नाही.' पाठवणारे आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नोंद आहे, आणि चांगली ठसठशीत आहे. १५ नंबरच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाच्या काळातला शिलालेख आहे. त्याच्यानंतर गादीवर आला त्याचा चुलता, कृष्ण पहिला. बडोद्याला मिळालेला इ.स. ८१२च्या सुमाराचा ताम्रपट सांगतो, की या कृष्णराजानं एलापुरात, म्हणजे आपल्या वेरुळात, अद्भुत शिवमंदिर उभारलं. पुढं तर कमालच आहे. ते घडवणारा कारागीरच काम झाल्यावर थक्क होतो, की हे माझ्या हातून झालं तरी कसं! म्हणजे आश्चर्य त्यालाही वाटलं होतं, पण केलं त्यानंच.

केलं कसं? डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खोदले, मधे अखंड कातळ ठेवला आणि तो वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग पाया. पटत नसेल तर ३० नंबरचं जैन लेणं बघा. त्याला छोटा कैलास म्हणतात. तेही अखंड कातळातलंच, पण काम अर्धवट राहिलेलं. काम चालू असताना लेणं कसं दिसत असेल, ते तिथं कळतं.

अजिंठा १८१९ साली इंग्रजांना 'सापडलं', असं आपण शाळेत शिकलो. वेरुळचं तसं नाही. ते वाटेवरचं ठिकाण, माणसांची ये-जा कधी थांबलीच नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा इथं मुक्काम होता, लीळाचरित्रात त्या लीळा आहेत. पुढं गावची पाटीलकी भोसल्यांकडं आली. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथलेच, त्यांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. अठराव्या शतकात होळकरांनी ते मंदिर नव्यानं बांधलं. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासातसुद्धा या लेण्यांचं कौतुक आहे. १९८३ला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, ते तर फार नंतरचं.

बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन अशी चौतीस लेणी एका डोंगराच्या कुशीत दोन किलोमीटरमधे आहेत. आणि आपण करतो काय? गाडी लावली, कैलासासमोर फोटो काढला, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, निघालो. गावात भोसल्यांची गढी आहे, हे किती जणांना माहीत आहे? पाहुण्यांना आपणच सांगितलं नाही, तर ते रीलवरच विश्वास ठेवणार. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवली, त्यांचं श्रेय आपण फुकटात एलियनला देऊन टाकतोय, एवढंच मला खुपतं.

तेव्हा एक करा. सुट्टीत पोरांना घेऊन जा, पण अख्खा दिवस काढून. १० नंबरच्या 'सुतार की झोपडी'त दगडात कोरलेल्या फासळ्यांचं छत दाखवा, ३२ नंबरची इंद्रसभा दाखवा, येताना गढीवर चक्कर मारा. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा. आणि ती रील परत आली, तर तिच्याखाली बडोद्याच्या ताम्रपटाचं नाव तेवढं लिहा.